घर आणि पाणी (१९) : आडवं दार

लिफ्टच्या खड्ड्यात साचणाऱ्या पाण्यावर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या वेळी घेऊ. खारघरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंचं पत्र आलं आहे, आणि त्यांचा प्रश्न मृगाच्या आधी सुटायला हवा. त्या लिहितात, "आमच्या अंडरग्राउंड टाकीच्या झाकणाचं रबर आम्ही दर मे महिन्यात बदलतो. तरी पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी नळाला गढूळ पाणी. यंदा महागातलं रबर घ्यावं का?"

रबर जरूर घ्या, ताई, पण सगळ्यात शेवटी. आडव्या दारात रबर ही पहिली फळी नसतेच.

गच्चीच्या दाराचे दोन लेखांक आठवा. उभ्या दारावरचं पाणी आपल्या वजनानं खाली जातं. उंबरठा आणि वरचा छज्जा नीट असला, तर फटीशी त्याची गाठ क्षणभरच पडते. जमिनीतल्या झाकणावर तेच वजन आपल्या विरुद्ध काम करतं. पाणी फटीवर येऊन बसतं आणि पाऊस थांबला तरी हलत नाही. त्यात लोखंडावर लोखंड घट्ट टेकलेलं असलं की आपल्याला वाटतं, आता काळजी नाही. पण केसाएवढ्या फटीत पाणी केशाकर्षणानं आपणहून शिरतं, आणि फट जितकी बारीक तितकी ही ओढ जास्त.

मातीचंही तसंच. उभ्या चौकटीवर धूळ टिकत नाही. झाकणाच्या खाचेत ती वर्षभर जमत राहते. टाकी साफ करणारे झाकण उचलतात, बाजूला ठेवतात, संध्याकाळी परत बसवतात. खाच पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग रेतीचा एखादा जाड कण बैठकीवर राहतो, झाकण त्या कणावर टेकतं आणि पुढची चार-सहा बोटं लांबीची कड उघडी पडते. वरून पाहिलं तर झाकण बंद. त्यावरून गाडी गेली की तोच कण रबरात रुततो आणि त्याला चीर पाडतो.

नवी मुंबईत हा प्रश्न घरोघरी आहे, त्याला कारणं आहेत. पाणी मोरबे धरणाचं असो की हेटवणे धरणाचं, ते नळाला ठरलेल्या वेळी येतं, म्हणून प्रत्येक इमारतीला जमिनीखाली टाकी लागतेच. शिवाय वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठची बरीच जमीन भरावाची, सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून धरायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, यासाठी सिडकोनं डच धर्तीवर होल्डिंग पाँड बांधले. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत रस्त्यावर पाणी उभं राहतं, आणि रस्त्यावर उभं राहिलेलं पाणी गेटातून आत यायला वेळ लागत नाही.

तिसरं कारण आपणच घडवलेलं आहे. जुन्या सोसायट्यांमध्ये बांधणाऱ्यानं टाकीचं तोंड आवारापेक्षा थोडं उंच ठेवलेलं असायचं. मग रस्त्यावर डांबराचे थर चढले, आवारात पेव्हर ब्लॉक आले, आणि उंच असलेलं झाकण आधी जमिनीच्या पातळीला आणि नंतर जमिनीच्या खाली गेलं. आज अनेक ठिकाणी ते बशीसारख्या खोलगट जागेत दिसतं. सगळ्या आवाराचा ढाळ त्याच्याकडे. अशा झाकणाला कुठलंही रबर पुरं पडणार नाही.

मुंबईत आडव्या दारावरून एकदा मोठाच वाद झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात हिवतापानं कहर केला. डॉ. बेंटली यांनी १९११ साली त्यावर अहवाल दिला, आणि डासांची पैदास खाजगी विहिरींमध्ये होते आहे हे पुढे आलं. विहिरी बुजवा, नाहीतर पक्क्या झाका, असा पालिकेचा आग्रह. पण विहिरीचं पाणी पूजेला, धर्मकृत्याला लागायचं. पाण्याला सूर्यचंद्राचा प्रकाश दिसला पाहिजे, विहिरीतल्या देवतेची वाट अडवू नये, अशी लोकांची भावना होती. तेव्हा झाकणात बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवायचं, असा मध्यम मार्ग निघाला. रुस्तम मसानी यांनी १९१८ साली विहिरींच्या लोकसमजुतींवर इंग्रजीत एक सुंदर पुस्तक लिहिलं, त्याच्या मुळाशी विहिरी वाचवण्यासाठी लोकांनी केलेल्या अर्जविनंत्याच आहेत. मला या हकिगतीत रस आहे तो जाळीमुळे. झाकण बंद हवं, पण हवेला वाट हवी, ही गोष्ट त्या जाळीनं आपोआप साधली होती. आपल्या आजच्या टाक्या नेमक्या इथेच फसतात. त्याकडे येतोच.

आधी जहाज. आडवं दार पाण्याविरुद्ध कसं बंद करावं हे जगात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल तर ते दर्यावर्दींना, आणि नवी मुंबईत त्यांची वाण नाही. करावे गावाजवळ 'चाणक्य' ही प्रशिक्षण संस्था १९९३ पासून आहे. १९२७ ची 'डफरिन' आणि नंतरची 'राजेंद्र' या जहाजांवर चालणारं शिक्षण तिथे जमिनीवर आलं. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या इमारतींमध्ये एखादा तरी कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर निघतोच. माल वाहणाऱ्या जहाजाच्या हॅचची रचना मला पहिल्यांदा कागदावर काढून दाखवली ती नेरूळच्या एका निवृत्त चीफ ऑफिसरनी. तेव्हापासून टाकीच्या झाकणाकडे बघायची माझी नजरच बदलली.

जहाजाच्या पोटात माल उतरवायचं तोंड म्हणजे हॅच, आणि त्यावरची पोलादी झाकणं आडवीच असतात. त्यांच्यावर पाऊस तर पडतोच, वर समुद्र चढतो. तिथे पहिली गोष्ट उंची. तोंडाभोवती पोलादाचा उभा कठडा असतो, त्याला कोमिंग म्हणतात. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारानं त्याची किमान उंची ठरवून दिली : जहाजाच्या लाटा जास्त खाणाऱ्या भागात ६०० मिलिमीटर, बाकीच्या सुरक्षित जागी ४५०. म्हणजे दर्यावर्दी पाण्याला आधी फटीपर्यंत चढायला लावतो.

दुसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. रबर कठड्यावर नसतं, झाकणात असतं. झाकणाच्या खालच्या अंगाला खाच, त्या खाचेत रबराचं पॅकिंग, तोंड खाली. कठड्यावर असते ती एक अरुंद पोलादी पट्टी, कॉम्प्रेशन बार. झाकण बसलं की ती पट्टी रबरात ठरावीक खोलीपर्यंत रुतते. रबराचं तोंड खाली असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही. पट्टी अरुंद असल्यामुळे कण तिच्यावर टिकत नाहीत, आणि सगळा दाब एका रेषेत एकवटतो. आपल्याकडे बरोबर उलट करतात. फ्रेमच्या सपाट खाचेत, तोंड वर करून रबर चिकटवायचं आणि त्यावर सपाट झाकण ठेवायचं. ते रबर महिन्याभरात मातीनं भरतं.

तिसरं, झाकणाचं वजन रबरावर टाकायचं नाही. जहाजावर वजन पोलादी टेकूंवर उतरतं, रबर फक्त ठरलेल्या मापाइतकं दबतं. बिडाचं जड झाकण थेट रबरावर बसवलं की ते चेपतं आणि पुन्हा उसळत नाही. पॅकिंग बसलं की त्याच्या मागे पट्ट्या घालून ते वर उचलायचा मोह जहाजावरही होतो, आणि तपासणीला आलेला सर्व्हेअर ते चालवून घेत नाही. बदलायचं तर त्या बाजूचं सगळं बदला. फायबरच्या हलक्या झाकणाचा प्रश्न वेगळा. बीड चोरीला जातं म्हणून ती झाकणं आली, ते ठीकच. पण रबर दाबायला त्यांच्यात वजनच नसतं. तिथे चारही बाजूंनी आवळणाऱ्या कड्या किंवा बोल्ट हवेत.

आणि चौथी गोष्ट ऐकून तर मी थक्क झालो होतो. एवढं सगळं करूनही रबर ओलांडून थोडं पाणी आत येणारच, हे जहाज बांधणारा धरून चालतो. रबराच्या आतल्या बाजूला तो पन्हळ ठेवतो, आलेलं पाणी त्यात पडतं आणि नळीतून बाहेर जातं. नळीत एक गोळी असते. पाणी बाहेर जाऊ शकतं, बाहेरून समुद्राचं पाणी आलं तर गोळी उचलून तोंड बंद करते. पाणी अडवण्यावर सगळी भिस्त नाही, चुकून आलेल्याची सोयही तयार. जमिनीच्या पातळीलाच ठेवावी लागणारी चांगली झाकणं याच तत्त्वावर मिळतात : फ्रेमलाच पन्हळ, आणि त्यातून पाणी काढून नेणारा पाइप.

आता खारघर. गाड्यांच्या वाटेवर झाकण नसेल, तर त्याभोवती काँक्रीटचा कठडा उचला. निदान वीतभर, जागा असेल तर हातभर. झाकण आत बसणारं नको. स्टीलच्या डब्याचं बसतं तसं कठड्यावरून बाहेर उतरणारं हवं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांसाठी 'टेन स्टेट्स स्टँडर्ड्स' नावाचे नियम वापरतात, त्यात झाकणाची कड चौकटीच्या बाहेरून किमान २ इंच खाली उतरलीच पाहिजे असं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला हे जमतं. झाकण वाटेतच असेल तर कठडा शक्य नाही, तिथे पन्हळीचं घ्या, आणि घेताना त्यावरची खूण वाचा. काँक्रीटच्या झाकणांच्या आयएस १२५९२ या मानकात एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२०, ईएचडी-३५ असे वर्ग आहेत, आकडा टनांचा. पाण्याचा टँकर आवारात येतो तिथे एलडी बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात फ्रेम वाकेल, आणि वाकलेल्या फ्रेमवर झाकण कधीच नीट बसत नाही.

हे करण्याआधी पाणी कुठून येतं ते मात्र पाहा. बऱ्याचदा ते रबराजवळून येतच नाही. फ्रेम आणि स्लॅब यांच्या मधला सिमेंटचा थर गाड्यांच्या धक्क्यांनी सुटलेला असतो आणि पाणी फ्रेमच्या खालून जातं. टाकी साफ करण्याच्या दिवशी, ती रिकामी असताना, झाकणाभोवती ओल्या मातीचं आळं करा, त्यात चार बोटं पाणी भरा आणि टाकीला दुसरं तोंड असेल तर तिथून विजेरी मारून बघा. आत उतरू नका. बंद टाकीतली हवा घातक असू शकते. ओघळ फ्रेमच्या लोखंडावरून आला तर दोष रबराचा. लोखंड कोरडं आणि बाजूचं काँक्रीट पाझरत असेल तर रबरावरचे पैसे वाया.

रबरासाठी जहाजावरचीच खडूची परीक्षा घ्या. ज्या कडेवर रबर टेकतं तिथे सगळीकडून खडू घासा, झाकण नीट बसवून परत उचला. रबरावर पांढरी रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे ती तुटली तिथे पाणी जाणार. नवं रबर घेताना बंद छिद्रांचं, ईपीडीएमचं घ्या. दुकानात मिळणारा मऊ फोम पाणी पितो. ईपीडीएमला ग्रीस लावू नका, ते फुगतं. जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूच्या मध्यावर घ्या.

आणि आता ती हवेची गोष्ट. ताईंनी पत्रात एक ओळ सहज लिहिली आहे : प्लंबरनं झाकणावर बादल्या ओतून पाहिल्या, तेव्हा आत थेंबही आला नाही. तेव्हा पंप चालू होता का? माझी खात्री आहे की नव्हता. पंप तासाला २० हजार लिटर पाणी वर चढवत असेल, तर तासाला तेवढीच हवा टाकीत यायला हवी. व्हेंट पाइप नसेल, किंवा कुणी डासांसाठी त्यात कापड कोंबलं असेल, तर ती हवा झाकणाच्या फटीतून येते. पावसात झाकणावर पाणी उभं असतं, मग फटीतून हवेच्या आधी ते पाणी ओढलं जातं. आतल्या हवेचा दाब केवळ १ टक्क्यानं उतरला तरी ती ओढ सुमारे १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी होते, म्हणजे झाकणावरच्या डबक्याच्या स्वतःच्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट. झाकण जितकं घट्ट कराल तितकी ओढ वाढेल. दर मे महिन्यात नवं रबर बसूनही पाणी गढूळ होतं, ते बहुधा यामुळे.

तेव्हा या आठवड्यातच व्हेंट पाहून घ्या. तो पुराच्या पातळीच्या पुरेसा वर, तोंड खाली वळवलेला आणि त्यावर बारीक जाळी असा असावा. ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाळी गटारात सोडला असेल तर तोही सोडवा. गटार तुंबलं की तेच पाणी उलट टाकीत येतं. पाइपाचं तोंड आणि गटार यांच्यामध्ये उघड्या हवेचं अंतर राहू द्या. मग पंप चालू ठेवून प्लंबरला पुन्हा बादल्या ओतायला सांगा, आणि काय दिसलं ते मला कळवा.

लिफ्टचा खड्डा पुढच्या आठवड्यात. वाशीच्या दोघा वाचकांनी तिथल्या पाण्याला खारट वास येतो असं कळवलं आहे, सुरुवात तिथूनच करू.