मंगळावरील गाडी कोण चालवितो?

सूर्यमालेचा पाठ चालू असता वर्गातील एखादे चौकस मूल हमखास विचारते, “गुरुजी, मंगळावरची गाडी चालवतं कोण?” ह्या प्रश्नास बहुधा असे उत्तर दिले जाते की, अमेरिकेतील शास्त्रज्ञ पडद्यावर पाहून ती गाडी येथून चालवितात. मुलांचे तेवढ्याने समाधान होते. परंतु हे उत्तर बरोबर नाही. ते का बरोबर नाही हे उलगडून सांगताना जेवढे विज्ञान हाती येते, तेवढे ग्रहांची नावे क्रमाने पाठ करवून घेतल्याने येत नाही.

पृथ्वी व मंगळ ह्यांमधील अंतर नेहमी सारखे नसते. दोन्ही ग्रह सूर्याभोवती आपापल्या गतीने फिरत असल्यामुळे ते कधी साडेपाच कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतात, तर कधी सूर्याच्या विरुद्ध बाजूंस जाऊन चाळीस कोटी किलोमीटर दूर होतात. रेडिओचा संदेश प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर, जातो. ह्या दोन आकड्यांवरून संदेशास लागणारा वेळ काढण्याचे गणित सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. उत्तर सुमारे ३ मिनिटे व २२ मिनिटे असे येईल. संदेश पोहोचण्यास ११ मिनिटे लागत असतील, तर गाडीपुढे आलेला धोंडा पृथ्वीवर ११ मिनिटांनी दिसणार आणि “थांब” हा हुकूम पोहोचण्यास आणखी ११ मिनिटे जाणार. तोवर गाडी धोंड्यावर आदळून किती वेळ झाला असेल, हे मुलेच सांगतील.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेची ‘पर्सिव्हिअरन्स’ ही सहाचाकी गाडी मंगळावर उतरली, तेव्हाचा प्रसंग वर्गात अवश्य सांगावा. मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून जमिनीस टेकेपर्यंत तिला सुमारे सात मिनिटे लागली. त्या दिवशी संदेशास ११ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागत होता. म्हणजे “यान वातावरणात शिरले” ही वार्ता पृथ्वीवर आली, तेव्हा गाडी सुखरूप उतरून किंवा फुटून चार मिनिटे होऊन गेली होती! छत्री उघडणे, खालच्या भूमीची छायाचित्रे घेऊन ती जवळच्या नकाशाशी ताडून पाहणे, निर्धोक जागा निवडणे ही सर्व कामे यंत्राने स्वतःच केली. माणसांनी करावयाचे ते सर्व आधीच केलेले होते. त्या घटकेला त्यांच्या हाती केवळ वाट पाहणे उरले होते.

पुढील रोजचे कामही ह्याच रीतीने चालते. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे. गाडीने दिवसभरात काढलेली छायाचित्रे व मोजमापे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत पृथ्वीवर येतात. ती पाहून शास्त्रज्ञ पुढील दिवसाचे हुकूम लिहून पाठवितात आणि गाडी ते एकामागून एक पार पाडते. वाटेत खाचखळगा आला तर स्वतःच्या कॅमेऱ्यांनी तो पाहून वळसा घेण्याइतकी समज तिला दिलेली आहे. तिचा कमाल वेग ताशी सुमारे १५० मीटर. बैलगाडी तिला सहज मागे टाकील. एक टनाहून थोड्या अधिक वस्तुमानाच्या ह्या गाडीला प्रारंभी मिळणारी विजेची शक्तीही सुमारे ११० वॉटच होती. सुमारे दोन वर्षांतून एकदा सूर्य मध्ये येतो, तेव्हा दोनेक आठवडे हुकूम पाठविणेच बंद ठेवावे लागते.

ही गाडी जेथे उतरली त्या विवराचे नाव ‘जेझेरो’. कित्येक स्लाव भाषांत ह्या शब्दाचा अर्थ सरोवर असा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या मुलांनी पाहिले असेल, त्यांना हे लवकर कळेल. कारण दोन्ही विवरे अवकाशातून येऊन आदळलेल्या वस्तूंच्या आघातानेच झालेली आहेत. लोणारचा खडक मंगळावरील पुष्कळशा खडकाप्रमाणे बेसाल्ट असल्यामुळे मंगळाच्या अभ्यासकांनाही त्याचे महत्त्व वाटते. मात्र लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर जेझेरोचा सुमारे ४५ किलोमीटर आहे. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तेथे नदी येऊन मिळत होती व तिने गाळाचा त्रिभुज प्रदेश घडविला होता. त्या गाळाच्या खडकांत प्राचीन सूक्ष्म जीवांच्या खुणा मिळतात काय, हे पाहणे हेच गाडीचे मुख्य काम.

येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. २०२४ साली गाडीस एका खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके आढळले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शास्त्रज्ञांनी ती जीवांची ‘संभाव्य’ खूण मानली. पण जीवांवाचूनही असे ठिपके होऊ शकतील, ही शक्यता त्यांनी खुली ठेवली. मंगळावर जीव सापडला, असे वर्गात सांगू नये. तसेच आपल्या देशाचे मंगळयान २०१४ साली मंगळाच्या कक्षेत पोहोचले, ते ग्रहाभोवती फिरणारे यान होते. जमिनीवर चालणारी गाडी नव्हे. मुले ह्यांत घोटाळा करतात.

गाडीच्या पोटाखाली ‘इंजेन्युइटी’ नावाचे १.८ किलोग्रॅमचे हेलिकॉप्टर बांधून नेले होते. मंगळावरील हवा आपल्या हवेच्या सुमारे एक शतांश इतकीच दाट आहे. एवढ्या विरळ हवेत उडावयाचे म्हणजे पाती अतिशय हलकी हवीत व ती फार वेगाने फिरावयास हवीत. आपला छताचा पंखा मिनिटास साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. ह्या यंत्राची पाती २,४०० हून अधिक घेत. मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी, ही एक सोय होती: ताणकाट्यावर ते तेथे सुमारे ७०० ग्रॅमच भरले असते. त्याचे मुख्य अभियंता जे. बलराम हे मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले. १९०३ सालच्या राइट बंधूंच्या विमानाच्या कापडाचा टपाल तिकिटाएवढा तुकडाही त्यास जोडला होता.

१९ एप्रिल २०२१ रोजी ते तीन मीटर उंच उडाले व ३९ सेकंदांनी उतरले. ही बातमी पृथ्वीवर कळण्यास सुमारे तीन तास लागले. पाच उड्डाणांसाठी केलेल्या ह्या यंत्राने जवळजवळ तीन वर्षांत ७२ उड्डाणे केली. आपण कोठे चाललो आहोत हे समजण्यासाठी ते खालच्या जमिनीची छायाचित्रे सेकंदास ३० ह्या प्रमाणात घेई आणि खडे-धोंडे मागे कसे सरकतात त्यावरून आपली गती ओळखी. १८ जानेवारी २०२४ रोजी मात्र ते वाळूच्या लाटांवर होते. तेथे धड खूण धरावी असा खडाही नव्हता. आपली गती चुकीची समजून ते उतारावर वेडेवाकडे आदळले, पाती मोडली, आणि उड्डाणे संपली. हे कारण शोधून काढण्यासही पुष्कळ महिने लागले, कारण पाहणारा डोळा तेथे कोणाचाच नव्हता.

हा भाग मुलांस प्रत्यक्ष अनुभवाने दाखविता येतो. एका मुलास जाड कागदाच्या नळीतून खाली पाहावयास सांगावे व नळीखालून एखादे छापील लुगडे हळूहळू ओढावे. कापड कोणत्या बाजूस व किती वेगाने सरकते ते तो अचूक सांगेल. नंतर कडा दिसणार नाहीत अशा बेताने स्वच्छ पांढरे धोतर ओढावे. तो गप्प बसेल, किंवा “हलतच नाही” म्हणेल. इतर मुलांना हसू येईल. ते ओसरू द्यावे, आणि मगच ७२व्या उड्डाणाची हकीकत सांगावी.