विशेषण नेमके कोणाचे?

इंग्रजी विशेषण लिंग, वचन किंवा विभक्तीनुसार बदलत नाही; प्राचीन इंग्रजीतील हे विकार मध्ययुगाच्या अखेरीस लोप पावले, आणि त्यामुळे विशेष्य, म्हणजे विशेषण ज्या नामाविषयी माहिती देते ते नाम, शोधताना शब्दक्रम व अर्थ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

‘ओल्ड बुक शॉप’ या पदबंधात, म्हणजे एकाच घटकाप्रमाणे वावरणाऱ्या शब्दसमूहात, ‘ओल्ड’ पहिल्या दोन शब्दांच्या गटात धरल्यास पुस्तके जुनी ठरतात, तर शेवटच्या दोहोंचा गट मानल्यास दुकान जुने ठरते. ‘ओल्ड मेन अँड विमेन’मध्ये स्त्रियाही वृद्ध आहेत की नाहीत, हे उभयान्वयी अव्ययामुळे संदिग्ध राहते. लेखनात पहिल्या दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह घालून, म्हणजे ‘ओल्ड-बुक शॉप’ असे लिहून, अभिप्रेत गट दाखवता येतो.

मराठीत ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘पुस्तकांचे जुने दुकान’ यांतील भेद विशेषणाचे रूप व स्थान स्पष्ट करतात. मात्र ‘सुंदर’सारखी अविकारी विशेषणे ‘सुंदर पुस्तकांचे दुकान’ अशा रचनेत मराठीतही तीच संदिग्धता निर्माण करू शकतात.