दिसत नाही त्याचा अहवाल

पायाखालची पृथ्वी : लेखांक ११

बोगद्याची आखणी करताना आधी जागोजागी ड्रिलिंग करून खडकाचे नमुने वर काढतात. हे लांबट, गोल दांडके म्हणजे कोअर. ज्या खोलीवरून निघाले त्या क्रमानं ते पेटीत मांडून ठेवतात. नुकताच एमएस्सी होऊन कामावर रुजू झालेल्या भूवैज्ञानिकाला बहुधा पहिल्यांदा या पेटीसमोरच बसवतात. हातात टेप, मांडीवर नोंदवही. समजा, दीड मीटर ड्रिलिंगमधून ओळीनं ४२, २७, ८, ६, १९, ४ आणि २३ सेंटीमीटरचे तुकडे आले. बेरीज १२९ सेंटीमीटर. म्हणजे ८६ टक्के खडक हाती लागला, बाकीचा भुगा होऊन पाण्याबरोबर गेला. आता यातले दहा सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकडेच धरायचे : ४२, २७, १९, २३. बेरीज १११, दीड मीटरच्या ७४ टक्के. या आकड्याला आरक्यूडी म्हणतात. अमेरिकेतले डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली आणि आज जगभर तीच वापरात आहे. ७४ म्हणजे मध्यम प्रतीचा खडक. ७५ च्या पुढे गेला की चांगला.

इथपर्यंतचं गणित शाळकरी मुलालाही जमेल. खरा प्रश्न आठ आणि सहा सेंटीमीटरच्या त्या दोन शेजारी तुकड्यांचा आहे. त्यांच्यामधली भेग जमिनीत आधीपासूनच होती, की ड्रिलिंगच्या धक्क्यानं पडली? धक्क्यानं पडली असेल तर दोन्ही मिळून १४ सेंटीमीटरचा एकच तुकडा धरायचा. मग बेरीज १२५ होते आणि आरक्यूडी ८३ वर जातो. खडकाची प्रत बदलली की बोगद्याला आधार किती द्यायचा, रॉक बोल्ट किती अंतरावर ठोकायचे, शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, थर किती जाड ठेवायचा, हे सगळं बदलतं. उत्तर भेगेच्या तोंडावरच लिहिलेलं असतं, फक्त लेन्स लावून ते वाचावं लागतं. ताजी भेग खडबडीत आणि स्वच्छ असते. जुन्या भेगेवर झिओलाइटचा पांढरा पापुद्रा, हिरवट खनिजाचा लेप किंवा लोहाचा तांबूस डाग दिसतो. काम पाच मिनिटांचं आहे, पण नजर तयार व्हायला जाणत्या माणसाशेजारी बसून पुष्कळ पेट्या पाहाव्या लागतात.

आतापर्यंतच्या लेखांकांत आपण खडक, पाणी आणि भूकंप पाहिले. आज ही विद्या शिकवली कशी जाते ते पाहू. यात मला एकच गोष्ट ठसवायची आहे. जमिनीखाली काय आहे हे कुणालाच दिसत नाही, तरी त्याबद्दल लेखी मत देणं आणि त्याखाली सही करणं, हे उपयोजित भूवैज्ञानिकाचं काम आहे. त्याचं शिक्षण आणि प्रशिक्षण चांगलं की वाईट, हे या एकाच निकषावर जोखायला हवं.

वर्गातली दोन वर्षं

आपल्याकडे एमएस्सी दोन वर्षांचं. आयआयटी मुंबईत 'अप्लाइड जिऑलॉजी' याच नावाचा अभ्यासक्रम आहे आणि तिथला प्रवेश 'जॅम' या परीक्षेतून होतो. पुणे, नागपूर, अमरावती, सोलापूर या विद्यापीठांत आणि गोवा विद्यापीठातही भूविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. शेजारच्या मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाचा उपयोजित भूविज्ञान विभाग जुना आणि नावाजलेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआयचे प्रमुख राहिलेले डब्ल्यू. डी. वेस्ट निवृत्तीनंतर तिथे शिकवायला गेले. आयुष्यभर डोंगर तुडवलेला माणूस वर्गात आला की त्या विभागाची घडण कशी होते, याचं सागर हे चांगलं उदाहरण आहे.

अभ्यासक्रमाचा साचा सगळीकडे साधारण सारखा. आधी खनिजं, खडक, भूरचना, स्तरविज्ञान, जीवाश्म. मग भूजल, खनिज साठे, अभियांत्रिकी भूविज्ञान, भूभौतिकी, उपग्रह प्रतिमा आणि जीआयएस. शेवटी प्रबंध. यातल्या प्रयोगशाळेच्या कामाचा एक नमुना सांगतो. खडकाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासायची असते. इतकी पातळ झाल्यावर दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं ओळखता येतात. जाडी बरोबर झाली हे कळतं क्वार्ट्झच्या रंगावरून. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झ पिवळं-तांबूस दिसत असेल तर काप अजून जाड आहे, करडं-पांढरं झालं की थांबायचं. क्षणभर जास्त घासलं तर नमुनाच नाहीसा होतो. इथून पुढे विद्यार्थी हाताला सांभाळायला शिकतो.

बेसाल्टवर वाढलेल्यांची अडचण

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टखाली आहे आणि त्याचे थर जवळजवळ आडवे. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याला घराजवळ एक गोष्ट मिळतच नाही : वाकलेले, दुमडलेले, उभे झालेले थर. थर कोणत्या दिशेला पसरलाय आणि किती अंशांनी कललाय, म्हणजे स्ट्राइक आणि डिप, हे मोजणं भूविज्ञानाचं बाराखडीइतकं मूलभूत काम. सह्याद्रीत ते करायला फारसं काही नाही. म्हणून मग दौरे निघतात. जीवाश्मांसाठी कच्छ किंवा तमिळनाडूतलं अरियलूर, घड्यांसाठी राजस्थान किंवा हिमालय. विदर्भातली मुलं तेवढी नशीबवान. याच वेस्ट यांनी १९३० च्या दशकात रामटेकच्या उत्तरेला देवलापार परिसरात खडकांच्या मोठाल्या पलटलेल्या घड्या दाखवून दिल्या होत्या. नागपूरहून सकाळी निघून त्या पाहता येतात.

फील्ड कॅम्पमध्ये दिवसभर टोपोशीट, ब्रन्टन कंपास आणि हातोडी घेऊन फिरायचं आणि संध्याकाळी नकाशा पुरा करायचा. दोन खडकांमधली सीमारेषा आखताना एक शिस्त पाळावी लागते. सीमा डोळ्यांनी पाहिली असेल तर अखंड रेघ. मातीखाली, शेताखाली दडलेली असेल आणि आजूबाजूच्या उघड्या खडकांवरून तर्क केला असेल तर तुटक रेघ. नवखी मुलं सगळीकडे ठसठशीत अखंड रेघ ओढतात, कारण नकाशा त्यानं नीटस दिसतो. जाणता शिक्षक असा नकाशा हाती घेतला की विचारतो, "इथं तू उभा राहिला होतास का रे? मग ही रेघ अखंड कशी?" पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवायची ही सवय दोन वर्षांत लागली, तर फी वसूल झाली म्हणायची.

परीक्षा संपल्यावरचं शिक्षण

सरकारी नोकरीचा मोठा दरवाजा म्हणजे यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. पूर्व, मुख्य आणि मुलाखत. भूविज्ञान घेऊन उत्तीर्ण झालेले जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक होतात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जातात. जीएसआयची स्थापना १८५१ ची, कोळशाचा शोध हे तेव्हाचं मुख्य काम. भरती झालेल्यांना लगेच एकट्यानं नकाशाला बसवत नाहीत. संस्थेचं प्रशिक्षण केंद्र हैदराबादला आहे आणि फील्डवरची केंद्रं निरनिराळ्या खडकांच्या प्रदेशात : चित्रदुर्गला अतिप्राचीन शिस्ट, राजस्थानात झावरला जस्त-शिशाच्या खाणी, झारखंडात कुजूला कोळसा. कॉलेजात एकाच प्रकारच्या खडकावर वाढलेला मुलगा इथे इतर खडकांना सरावतो. त्यानंतर पावसाळा सरला की फील्ड सीझन. १:५०,००० प्रमाणाची एक टोपोशीट म्हणजे साधारण सातशे चौरस किलोमीटर मुलूख.

राज्याच्या पातळीवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात तिची उभारणी झाली. मुख्यालय पुण्याला. ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजणं हा तिथला नेहमीचा परिपाठ. या खात्यात रुजू झालेल्या भूवैज्ञानिकाची खरी कसोटी शेताच्या बांधावर लागते. चार सळया जमिनीत रोवून वीजप्रवाह सोडायचा आणि खोलीनुसार रोधकता मोजायची, हे यंत्र कुणालाही शिकवता येतं. अडचण अशी की रोधकता कमी आली म्हणजे खाली पाणीच असेल असं नाही. चिकणमातीचा थर किंवा दोन लाव्हाथरांमधला तांबडा गेरूही तितकीच कमी रोधकता दाखवतो. म्हणून हुशार भूवैज्ञानिक यंत्र लावण्याआधी आसपासच्या चार विहिरींत डोकावतो. वरून मुरूम किती, मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा बेसाल्ट कुठे लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, हे विहीर खोदलेल्या माणसाकडून ऐकून घेतो. मग आलेख पाहतो.

शेतकऱ्याचा सवाल एकच असतो, "साहेब, लागंल ना पाणी?" पाणाड्या नारळ हातावर आडवा करून 'लागणारच' म्हणतो आणि निघून जातो. भूवैज्ञानिकाला तसं म्हणता येत नाही, आणि 'सांगता येत नाही' म्हणून अंग काढूनही चालत नाही. त्याला सांगावं लागतं, "काका, या मांजऱ्यात विहीर घेतली तर माघापर्यंत पाणी पुरेल. खाली पाषाण आहे, बोअर खोल नेऊन कर्ज वाढवू नका." हे वाक्य बोलायला ज्ञानाइतकंच धैर्य लागतं. ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तपासलं जात नाही.

सहीची किंमत

चुकीच्या सहीनं काय होतं, याचा धडा खाण उद्योगाला १९९७ मध्ये मिळाला. ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीनं इंडोनेशियातल्या बुसांग इथे प्रचंड सोनं सापडल्याचं जाहीर केलं होतं. शेअर आकाशाला भिडले. नंतरच्या स्वतंत्र तपासणीत निघालं की खडकाच्या चुऱ्यात बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेला आणि अर्धा पेटीत जपून, हा या धंद्यातला जुना रिवाज. बुसांगला कोअर सगळाच्या सगळा दळला गेला होता, त्यामुळे पडताळायला मागे काही उरलं नव्हतं. पुढे २००१ मध्ये कॅनडानं नियम केला : खनिज साठ्याचा अहवाल पात्रता ठरवून दिलेल्या व्यक्तीच्याच जबाबदारीवर निघेल. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेत १९८९ पासूनच अशी अट आहे. तिथे नुसती पदवी चालत नाही, त्या प्रकारच्या साठ्यावर किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. ब्रिटनमध्ये चार्टर्ड जिऑलॉजिस्ट ही मान्यता आहे, अमेरिकेत अनेक राज्यं परीक्षा घेऊन परवाना देतात.

आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी भूवैज्ञानिकांची देशव्यापी वैधानिक नोंदणी नाही. खाणीचा आराखडा तयार करणाऱ्यासाठी शिक्षणाची आणि अनुभवाची अट आहे, आणि या कारभारावर देखरेख करणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण बोअरची जागा दाखवणं, इमारतीच्या पायासाठी खडक तपासणं, डोंगरउतारावरच्या वस्तीबद्दल मत देणं, या कामांना अशी चाळणी सर्वत्र लागत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि दीडशेवर माणसं दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. उताराची पाहणी करून 'ही वस्ती हलवा' असं लिहिणं हे या पेशातलं सर्वांत जड काम आहे. वस्ती हलवली आणि दरड आली नाही, तर लोक वर्षानुवर्षं बोल लावतात. हलवली नाही आणि आली, तर कुणाला बोल लावायला माणसंच उरत नाहीत. अशा अहवालाखालची सही कुणाची असावी, हे कायद्यानं ठरवायची वेळ केव्हाच आली आहे.

तोवर निवड विद्यार्थ्यानं आणि पालकांनी डोळसपणे करावी. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन प्रश्न विचारा. दोन वर्षांत फील्डवर एकूण किती दिवस नेता, आणि बेसाल्टबाहेर कुठे? प्रबंधात विद्यार्थी स्वतः चालून नकाशा करतो, की नुसत्या उपग्रह प्रतिमांवर भागवतो? आणि काप करायचं यंत्र चालू आहे, की कपाटात? जीआयएसची सॉफ्टवेअरं हल्ली सगळीकडे आहेत आणि ती यायलाच हवीत. पण संगणकावरचा रंगीत नकाशा तुटक रेघ कुठे हवी हे आपण होऊन सांगत नाही. ते सांगणारा माणूस घडवण्यासाठी विभागाला बसभाडं, डिझेल आणि शिक्षकांचे दिवस खर्च करावे लागतात. खर्चाला कात्री लागली की सर्वांत आधी दौरे रद्द होतात. तुमच्या विभागात ते रद्द होत असतील तर गप्प बसू नका; अर्ज करा, आणि तो लेखी करा.

पुढच्या लेखांकात : निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदाच का मोजतात, आणि मे आणि ऑक्टोबरमधल्या फरकावरून गावाच्या पाण्याचा हिशेब कसा मांडतात.