आगीपूर्वींची कवायत

आग विझविण्याची विद्या बंबवाल्यांची. परंतु आगींतून बाहेर पडण्याची विद्या कारखान्यांत वा कचेरींत काम करणाऱ्या प्रत्येकास आलीच पाहिजे. ही विद्या आगीच्या दिवशीं शिकतां येत नाहीं.

न्यूयॉर्क शहरांत २५ मार्च १९११ रोजीं, शनिवारीं काम सुटण्याच्या सुमारास, ‘ट्रायँगल शर्टवेस्ट’ या कपडे शिवण्याच्या कारखान्यास आग लागली. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याकडे होते. कामगारांत बहुतेक इटालियन व ज्यू कुटुंबांतील तरुण मुली होत्या. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनीं पेट घेतला. तेथून दहाव्या मजल्यावरील कचेरीस वर्दी गेली. नवव्या मजल्यास कोणीच कळविलें नाहीं. तेथें आगीची वार्ता आगीनेंच नेली.

नवव्या मजल्यावरील दोन जिन्यांपैकीं एकाचें दार कुलूपबंद होतें. बाहेरची लोखंडी शिडी माणसांच्या भारानें कोसळली. लिफ्टवाल्यांनीं पुन्हां पुन्हां फेऱ्या करून पुष्कळांना खालीं आणलें, पण अखेर लिफ्टहि बंद पडल्या. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोंचल्या. एकंदर १४६ जीव गेले. दहाव्या मजल्यावरील मंडळी मात्र गच्चीवर चढली आणि बहुतेक सर्व वांचली. उघडा जिना नवव्या मजल्यावरूनहि गच्चीवर जात होता. वेळेवर त्या वाटेनें वर गेलेल्या कित्येक मुली वांचल्या. पण या कारखान्यांत आगीची कवायत एकदांहि झालेली नव्हती.

घाबरलेला मनुष्य विचार करीत नाहीं; पाय ज्या वाटेस सरावलेले असतात, तिकडेच तो धांवतो. म्हणूनच कवायतींत नेहमींच्या जिन्याखेरीज दुसऱ्या जिन्यानेंहि उतरण्याचा सराव करावा. घंटा होतांच हातांतील काम तेथेंच टाकावें. सामानासाठीं मागें फिरूं नये. लिफ्टची वाट पाहूं नये. बंद दार उघडण्यापूर्वीं तें तापलें आहे कीं काय, हें हाताच्या पालथ्या बाजूनें पाहावें. धूर दाटल्यास वांकून चालावें, कारण बरी हवा जमिनीलगत राहते. प्रत्येक मजल्यावर एका इसमानें कोणी मागें राहिलें नाहीं ना, हें पाहावें आणि बाहेर ठरलेल्या जागीं हजेरी घ्यावी. म्हणजे आंत कोणी अडकला असल्यास बंबवाल्यांस तत्काळ सांगतां येतें.

त्या दुर्घटनेनंतर १९१२ सालीं न्यूयॉर्क राज्यानें कारखान्यांतील आगीच्या कवायतीसंबंधीं कायदा केला. भारतांत १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें, तळमजल्याच्या वर वीसांहून अधिक कामगार असल्यास, त्या सर्वांस सुटकेच्या वाटा परिचित असाव्यात आणि आगीच्या वेळीं वागण्याचें शिक्षण मिळालेलें असावें, असें ठरविलें.

परंतु कायदा कागदावर असतो आणि जिना पायांखालीं. सकाळीं कामावर गेलेला मनुष्य संध्याकाळीं घरीं परतला म्हणजे घरच्यांनीं त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या कचेरीचा दुसरा जिना कोठें आहे, आणि त्यावरून तुम्हीं शेवटचें केव्हां उतरलां?