विश्लेषण : खिचडी आठवीला संपते, मग नववी-दहावीच्या मुलांच्या आरोग्याकडे शाळेत कोण बघते?

नववीच्या वर्गात आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी वाटली जाते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून जेवल्यानंतर घ्यायची असते. आठवीपर्यंत अडचण येत नाही, कारण शाळेतच खिचडी मिळते. पण शालेय पोषण आहार, म्हणजे आताची पीएम पोषण योजना, आठवीपर्यंतच आहे. नववीतल्या मुलीने त्या दिवशी डबा आणला नसेल, तर गोळी दप्तराच्या कप्प्यात जाते आणि तिथेच राहते.

ही गोष्ट छोटी वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘वर्गात पेंगते’ असे शेरे प्रगतिपुस्तकात लिहिण्याआधी हिमोग्लोबिन तपासले का, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरते आहे. म्हणजे बोर्डाचे वर्ष, शरीरातले बदल, मैत्री-प्रेमाचे गुंते आणि घरच्यांच्या अपेक्षा हे सगळे एकत्र येते, नेमके तेव्हाच काही आधार सुटतात.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्यात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. चर्चा कोचिंग क्लासेसची झाली, पण या सूचना सरकारी आणि खासगी शाळांनाही लागू होतात, हे बऱ्याच पालकांपर्यंत पोहोचलेले नाही.

मुख्य सूचना अशी : १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी. त्याला मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण हवे. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी औपचारिक जोडणी करून ठेवावी. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. आणि गुणांवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे बंद करावे. ‘हुशारांची अ तुकडी’ ही आपल्याकडची जुनी सवय आहे, त्यामुळे ही शेवटची सूचना सर्वात अवघड ठरेल असे वाटते.

न्यायालयाने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) आकडेवारीही विचारात घेतली. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यापैकी २,२४८ मृत्यूंचे कारण परीक्षेतील अपयश असे नोंदले आहे. उरलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न या आकड्यातच आहे. मुलांचा ताण फक्त निकालाचा नसतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाने दिलेले समुपदेशकांचे फोन क्रमांक उपयोगी असले तरी पुरेसे नाहीत.

मग शाळेत समुपदेशक का दिसत नाही?

अनुदानित शाळेत पद हवे असेल तर ते संचमान्यतेत बसावे लागते आणि त्याच्या पगाराची तरतूद लागते. हे गणित शासनाने सोडवल्याशिवाय संस्था स्वतःहून नेमणूक करेल ही अपेक्षा भाबडी आहे. तरीही निकालात ‘सेवा घ्यावी’ हा शब्दप्रयोग आहे, आणि त्यातून वाट निघू शकते. एका तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक समुपदेशक घेतला आणि तो ठरलेल्या वारी प्रत्येक शाळेत बसला, तरी आजच्यापेक्षा खूप बरे होईल. अट एकच, तो बसेल ती खोली मुख्याध्यापकांच्या केबिनमधून जाणारी नको. ‘तू तिकडे कशाला गेली होतीस?’ असे एकदा विचारले गेले की दुसऱ्या वेळी कुणी जात नाही.

तोपर्यंत आहे त्याचा उपयोग?

आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी आठवड्याला एक तास घ्यायचा आणि प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी संदेशवाहक निवडायचे, अशी रचना आहे. विषय ११ : भावनिक आरोग्य, पोषण, व्यसने, इंटरनेटचा सुरक्षित वापर, पौगंडावस्था वगैरे. कागदावर हा कार्यक्रम चांगला आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. दहावीचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी पीटीच्या तासाचा, दुसरा याचा. शिवाय हेच शिक्षक निवडणुकीचे कामही करतात आणि ऑनलाइन माहितीही भरतात.

मासिक पाळी किंवा शरीरातले बदल हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मुलगे तर अशा चर्चेतून वगळलेच जातात आणि उत्तरे मोबाइलवर शोधतात.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मात्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. हे पथक सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणी करते. हृदयदोष, दृष्टिदोष, श्रवणदोष सापडला तर पुढचे उपचार मोफत मिळतात. तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर असेल तर संधी हुकते, म्हणून ती तारीख आधी कळायला हवी.

पालक काय विचारू शकतात?

पुढच्या पालक सभेत ‘सिलॅबस कधी संपणार’ याच्या जोडीला तीन गोष्टी विचारा. आमच्या शाळेचा समुपदेशक कोण आणि तो कोणत्या वारी भेटतो? आरोग्यदूत शिक्षक कोण? लोहाची गोळी डबा खाल्ल्यानंतर दिली जाते का?

‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरांत लावावा, असे न्यायालयाने सांगितले आहे. पण शाळेत मुलांकडे मोबाइल नसतो आणि तो नसावा, हेही बरोबरच. त्यामुळे हा क्रमांक घरी, फ्रिजवर किंवा कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा. मूल नाव न सांगताही बोलू शकते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.