बारभाई : पुण्याचा पेच, वऱ्हाडातली वस्त्रे

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे आली, म्हणजे कागदोपत्री काही उणे राहिले नाही. तरीही सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. याला निव्वळ कट म्हणणे मला अपुरे वाटते. दौलत वेगळी आणि ती बळकावून बसलेला माणूस वेगळा, ही भूमिका या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कृतीत आणली. १६४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनेही राजा चार्ल्सविरुद्ध फौज उभी केली ती राजाच्याच नावाने. पुण्यात तर ज्याच्यासाठी हे चालले होते ते मूल अजून जन्मलेही नव्हते. सवाई माधवराव जन्मले १८ एप्रिल १७७४ रोजी, आणि त्याआधीच कासेगावला रघुनाथरावांशी लढून पेठे कामी आले होते.

या भूमिकेची खरी कसोटी वऱ्हाडात लागली. १७७२ मध्ये नागपूरचे जानोजी भोसले वारले आणि मुधोजी व साबाजी हे भाऊ एकमेकांवर उठले. सेनासाहेब सुभा या भोसल्यांच्या पदाची वस्त्रे नारायणरावांनी साबाजींना दिली, रघुनाथरावांनी ती मुधोजींकडे वळवली, बारभाईंनी पुन्हा साबाजींना दिली. वऱ्हाडातल्या वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू साबाजींच्या पक्षाचे. वाशीम तेव्हा कापडाचे गाव. १७६९ च्या कनकापूरच्या तहात भोसल्यांनी पेशव्यांना द्यायच्या ऐवजात इथले कापड होते. निजाम-भोसल्यांच्या दुअमलीत, म्हणजे दुहेरी अंमलात, आधीच दबलेल्या या मुलखात पुण्याचा पेच म्हणजे भोसल्यांचा वसूल कोणत्या भावाच्या माणसाला द्यायचा, हा रोकडा प्रश्न होता.

आक्षेप असा, की बारभाई मूठभर मुत्सद्दी नि सरदार. रयतेने त्यांना कुठे निवडले होते? खरे आहे. पण चार्ल्सच्या काळची पार्लमेंटही जमीनदार-व्यापाऱ्यांचीच होती. माझ्या मते उणीव निराळी होती. चार्ल्सने अकरा वर्षे पार्लमेंटविना राज्य हाकले, तरी स्कॉटलंडच्या लढाईला पैसा लागताच १६४० मध्ये त्याला ती बोलवावी लागली. बारभाईंजवळ फडणिशीचे दफ्तर होते, फौज होती. पण ज्याच्या मंजुरीवाचून पैसा उभा राहू नये, असे कायमचे मंडळ त्यांनी घडवले नाही. म्हणून त्यांचा निवाडा तलवारीपुढे टिकेना. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजी पडले आणि नागपूरचा कारभार मुधोजींकडे गेला. पुण्यातही तेच. १७७८ मध्ये मोरोबा फडणीस, बारभाईंतलेच एक, नानांवर उलटले; पुढच्या वर्षी सखारामबापू कैदेत गेले आणि कारभार एकट्या नानांच्या हाती आला.