वर्णनाचे पाठ
कथेतील वर्णन शिकवावयाचे म्हणजे विशेषणांचा खजिना विद्यार्थ्याच्या हवाली करावयाचा, असा जो समज आपल्या शालेय निबंधांनी रूढ केला आहे, तो मुळातच सदोष होय. १८८६ साली रशियन कथाकार चेखॉव्हने वडील बंधू अलेक्झांडर यास लिहिलेल्या पत्रात चांदणी रात्र उभी करण्यास पाणचक्कीच्या बांधावर चकाकणारी बाटलीची काच आणि कुत्र्याची वा लांडग्याची धावती काळी सावली एवढाच ऐवज पुरेसा मानला होता. (आमच्या निबंधांत चंद्र अजून रुपेरीच असतो!) म्हणून शिक्षकाने पावसावर लिहवून घेताना ‘पाऊस’ व ‘सुंदर’ हे शब्द वर्ज्य ठरवावेत, आणि एस.टी. चुकलेल्या म्हातारीच्या दृष्टीने तो प्रसंग मांडावयास सांगावे. नंतर तोच कंडक्टरच्या दृष्टीने लिहवावा, आणि तपशील बदलले नसल्यास कागद बिनदिक्कत परत करावा.